काच कुणी फुंकली?

गेल्या डिसेंबरात पणजीत एका प्रदर्शनाला गेलो होतो. प्रदर्शनाचे नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की चर्चा प्रदर्शनाबद्दल सुरू होते आणि मुद्दा बाजूला राहतो. मधल्या दालनात मडक्यांची एक मोठी मांडणी होती. साठ-सत्तर मडकी एकमेकांना टेकून रचलेली, काहींची तोंडे भिंतीकडे वळवलेली, काही मुद्दाम फोडलेली. रचना चांगली होती, लोक थांबून पाहत होते. शेजारी पांढऱ्या कार्डावर कलावंताचे नाव, वर्ष, आणि खाली 'माध्यम: भाजलेली माती'.

आता झाले असे की ती मडकी ज्यांच्या चाकावर फिरली ते कुंभार माझ्या ओळखीचे. डिचोलीकडचे. मोठी ऑर्डर आली आहे, पण मडकी वेगळ्याच आकाराची हवी आहेत, असे त्यांनी मला महिनाभर आधी सांगितले होते. मी ते कार्ड दोनदा वाचले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. त्यांचे नाव नव्हते. असलेच तर ते 'माध्यम' या शब्दात असावेत, मातीबरोबर भाजलेले.

पुढच्या रविवारी त्यांना जाऊन हे सांगितले तर ते हसले. म्हणाले, "नांव कित्याक? पयशे दिले न्हय!"

त्यांना काही वाटले नाही. मला वाटले. आणि परतीच्या बसमध्ये विचार करताना लक्षात आले की अगदी असेच एक कार्ड मी पूर्वी वाचले आहे. २०१५ साली, व्हेनिसमध्ये.

तुम्ही म्हणाल, सरकारी कारकून आणि व्हेनिस? सांगतो. माझा एक चुलतभाऊ लिस्बनला असतो. आल्तिन्याच्या पोर्तुगीज वकिलातीत खेटे घालून ज्यांनी नशीब काढले त्यांपैकी तो एक. त्याच्याकडे आम्ही उभयता पंधरा दिवसांसाठी गेलो होतो आणि तिथून स्वस्तातले विमान पकडून तीन दिवस व्हेनिसला. मी कला शाखेचा पदवीधर आहे, म्हणजे चित्रकलेशी माझा कागदोपत्री संबंध शून्य, बी. ए. करताना एकही चित्र पाहावे लागले नाही. पण चित्रे पाहायची आवड आहे. आणि त्या वर्षी व्हेनिसला जाण्याचे एक सबळ कारण होते. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात होऊन, तेच ऑक्टोबर २०१५ पासून व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात लागले होते. गायतोंडे जन्मले नागपूरला, १९२४ साली; शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये, पुढे राहिले आणि गेले दिल्लीकडे. पण आईवडील गोव्याचे. आडनाव ऐकताच आपल्याकडचा माणूस गाव विचारतो, त्यातले ते आडनाव. ग्रँड कनालच्या काठावर, एका अर्धवट बांधलेल्या एकमजली वाड्यात, दारावर मोठ्या अक्षरांत 'गायतोंडे' वाचताना काय वाटले ते सांगण्याच्या भरीस पडत नाही. सौ.ने दाराशी माझा फोटो काढला, त्यात मी उगाचच ताठ उभा आहे.

गायतोंड्यांच्या चित्रांपुढे उभे राहिले की पहिली पाच मिनिटे काहीच घडत नाही. पिवळा किंवा हिरवट करडा रंग, त्यात काहीतरी तरंगते आहे. मग हळूहळू कळू लागते की हा रंग एका थराचा नाही. त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला होता. रोलर, पॅलेट नाइफ, ओल्या रंगावर कागद टेकवून तो उचलणे, थर चढवणे, खरवडणे, पुन्हा चढवणे. वर्षाला मोजकीच चित्रे व्हायची. बाकीचा वेळ विचार आणि वाट पाहणे. प्रदर्शनाच्या नावातच 'चित्र म्हणजे प्रक्रिया' असा भाग होता आणि तो शोभेचा नव्हता. त्यांच्या एका चित्राला २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपये आले, पुढे आकडे आणखी चढत गेले. पण चित्रासमोर उभे असताना आकडा आठवत नाही, हात आठवतो. हा माणूस अखेरपर्यंत कारागीर होता असे मला तिथे वाटले. कारागीर हा शब्द मी कमीपणाने वापरत नाही, हे पुढे येईलच.

त्याच वाड्यात, कनालच्या बाजूच्या एका खिडकीत, निळ्या काचेच्या लहान लहान आकृत्या ओळीने मांडल्या आहेत. तेवीस. बाहेरच्या पाण्यावरचा उजेड त्यांतून आरपार येतो. नाचणारी, हात वर केलेली, विचित्र नाकाडोळ्यांची माणसे आणि प्राणी. पाहताक्षणी पिकासो. कार्डावर लिहिले होते त्याचा अर्थ असा: पिकासोच्या रेखाटनांवरून, एजिदिओ कोस्तांतिनी, १९६४.

बहुतेक जण 'पिकासो' वाचून पुढे जात होते. मी सरकारी नोकरीत वीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्यांखालचे कागद वाचले आहेत, त्यामुळे माझी नजर दुसऱ्या नावावर गेली. कोस्तांतिनी हा व्हेनिसचा गृहस्थ. पिकासो, शागाल, माक्स अर्न्स्ट अशा चित्रकारांकडून रेखाटने मिळवायची आणि मुरानोच्या भट्ट्यांतून त्यांची काच करवून घ्यायची, हा त्याचा ध्यास. त्याच्या कार्यशाळेला 'देवदूतांची भट्टी' हे नाव झाँ कॉक्तोने दिले. मधल्या काळात तो अडचणीत आला तेव्हा पेगी गुगेनहाइमने त्याला हात दिला, म्हणून त्या आकृत्या तिच्या खिडकीत. ठीक. म्हणजे पिकासोने कागदावर रेघ काढली. कोस्तांतिनीने ती काचेत कशी उतरेल ते ठरवले. आणि ती वितळलेली काच नळीच्या टोकावर घेऊन, चिमट्याने ओढून, थंड होण्याआधीच्या काही क्षणांत तिचा हात आणि नाक कुणी काढले? भट्टीवरच्या माणसांनी. त्यांच्याबद्दल कार्ड गप्प.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरानोला गेलो.

व्हेनिसच्या उत्तर काठावरून बोट सुटते, वाटेत दफनभूमीचे बेट लागते आणि दहा-पंधरा मिनिटांत मुरानो. १२९१ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने हुकूम काढला की शहरातल्या काचेच्या भट्ट्या पाडा आणि मुरानोला हलवा. कारण आगीचे, व्हेनिसची घरे तेव्हा मुख्यतः लाकडी. पण एकदा सगळे कसबी एका बेटावर आले की त्यांच्यावर नजर ठेवणेही सोपे जाते, हा फायदा राज्यकर्त्यांना कळला नसेल असे नाही. काच करणाऱ्याने परवानगीशिवाय परमुलखात जाऊन धंदा केला तर त्याच्यावर कडक शिक्षेची टांगती तलवार असे. उलट मानही मोठा. काचवाल्याच्या मुलीने उमरावाशी लग्न केले तर मुलांची उमरावी जात नसे, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी मुरानोच्या घराण्यांचे स्वतंत्र 'सोनेरी पुस्तक' सुरू झाले. सोन्याचा पिंजरा म्हणतात तो हाच.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर आंजेलो बारोवियर याने स्फटिकासारखी रंगहीन काच साधली. तोवर काचेला हिरवट-पिवळट झाक असायची. नदीतले पांढरे गारगोटे दळून वाळू करायची, सीरियाकडून येणाऱ्या वनस्पतींच्या राखेतला क्षार शुद्ध करून घ्यायचा, रंग मारण्यासाठी मँगनीज, अशी ती कृती. आज वाचायला सोपी वाटते. त्या काळात तिच्या जोरावर मुरानोने युरोपातल्या राजवाड्यांची मेजे जिंकली.

आमची तिथली सुरुवात मात्र फजितीने झाली. धक्क्यावर उतरताच एका हसतमुख माणसाने आम्हांला गाठले आणि 'फुकट दाखवतो' म्हणून एका भट्टीत नेले. पायऱ्यांच्या बाकांवर तीस-चाळीस प्रवासी. समोर एक वयस्क गृहस्थ. त्यांनी नळीच्या टोकावर काच उचलली, चिमट्याने चार वेळा ओढले, दोनदा दाबले आणि मिनिटाभरात मागच्या पायांवर उभा घोडा. टाळ्या. गृहस्थांनी कुणाकडे न पाहता तो घोडा बाजूला टाकला आणि पुढच्या टोळीसाठी पुन्हा नळी भट्टीत घातली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मग आम्हांला दुकानात नेण्यात आले. सौ.ने निळ्या काचेचे एक पदक घेतले, दोऱ्यात ओवलेले. लिस्बनला येऊन चुलतभावाला दाखवले तर त्याने तसेच पदक तिथल्या एका दुकानातून आणून समोर ठेवले. दोन्ही चीनची असावीत असा त्याचा कयास. तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. असल्या फसवणुकीला आळा म्हणून १९९४ साली तिथल्या प्रांतिक सरकारने मुरानोच्या अस्सल काचेसाठी खास चिन्ह कायद्याने ठरवून दिले. दुकानात ते चिन्ह शोधायचे असते हे मला नंतर कळले. आपल्या फेणीला २००९ साली भौगोलिक ओळखीची नोंद मिळाली, तरी टपरीवर कोणती बाटली हातात येते ते आपण जाणतोच.

खरे काम पाहायला मिळाले ते दुपारी. एका गल्लीत भट्टीचे दार उकाड्यामुळे उघडे होते आणि आत कुणाला आमच्यासाठी वेळ नव्हता. म्हणून आम्ही दारातच उभे राहिलो. पाच माणसे होती. या पथकाला ते 'पियाझ्झा' म्हणतात, म्हणजे चौक. मधल्या बाकावर माएस्त्रो, आपल्याकडे उस्ताद म्हणावे तसा. त्याच्या हाताखाली मुख्य मदतनीस, त्याच्या हाताखाली दुसरा, आणि सगळ्यांत खाली पोऱ्या. नळी म्हणजे आपल्या चुलीच्या फुंकणीची थोरली बहीण, उंचीला माणसाएवढी. तिच्या टोकावर काकवीसारखी घट्ट, लाललाल काच. ती सतत फिरवत राहावी लागते. थांबले की एका बाजूला ओघळलीच. उस्ताद बोलत नव्हता. त्याने हात थोडा उचलला की पोऱ्या येऊन नळीत फुंकर मारी, आणि बोट हलले की थांबे. काच निवू लागली की पुन्हा भट्टीच्या तोंडाशी, पुन्हा बाकावर. कुणी दुसऱ्याच्या वाटेत येत नव्हते. भजनात पखवाजवाला आणि बुवा यांच्यात जी समजूत असते तशी. शेवटी नळीपासून वस्तू अलग करायचा क्षण आला तेव्हा पाचही जण श्वास धरून असल्यासारखे दिसले. मग ती वेगळ्या भट्टीत हळूहळू निवायला गेली. घाई केली तर तडकते.

या कामात 'कल्पना' कुठे संपते आणि 'हात' कुठे सुरू होतो, हे दारात उभे राहून अर्धा तास पाहूनही मला सांगता आले नसते.

आता एक गंमतीची गोष्ट. व्हेनिसच्या काचवाल्यांच्या संघाची नियमावली १२७१ सालची. तिथल्या रंगाऱ्यांच्या संघाची नियमावलीही त्याच सालची. आणि या रंगाऱ्यांच्या संघात कोण कोण होते? देवळांतली चित्रे काढणारे, सोनेरी मुलामा देणारे, पत्ते रंगवणारे, ढाली रंगवणारे, मुखवटे करणारे. सगळे एकाच छताखाली. बेल्लिनी आणि तित्सियान यांचा धंदा, नियमाने पाहिले तर, पत्ते रंगवणाऱ्याचाच. पुढे चित्रकारांना हे खटकू लागले. १६८२ साली ते वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची स्वतंत्र संस्था काढली. आम्ही हाताने नव्हे, बुद्धीने काम करतो, असा त्यामागचा सूर.

आपल्याकडे ही फारकत शब्दांतच दिसते. कुंकळ्ळीचा चितारी आणि पणजीचा चित्रकार. मूळ शब्द एकच. चितारी लाखेचा रंग चढवलेले पाट करतो, पाळणे करतो, चौरंग करतो. नवरीबरोबर पाठवायचा पाट त्याच्याकडून यायचा. चित्रकार प्रदर्शन भरवतो. चितारी जत्रेत बसतो, चित्रकार दालनात. चिताऱ्याचा पाट हस्तकला दुकानात वजनाने घ्यावा तसा घासाघीस करून घेतला जातो. वेगळे होण्याला कुणी १६८२ सारखा ठरावही केला नाही आपल्याकडे, ते आपोआप झाले आणि आपण पाहत राहिलो.

यावर कुणी म्हणेल की ही भाबडी कारागीरभक्ती झाली. तसे नाही. कारागिराला एकटा सोडला की तो काय करतो तेही मी मुरानोत पाहिले. उभा घोडा. विदूषक. गोंडोला. जे खपते ते. एकोणिसाव्या शतकात, नेपोलियनच्या फटक्यानंतर संघ मोडले, भट्ट्या विझल्या, आणि पुन्हा पेटल्या तेव्हा बराच काळ जुन्या चषकांच्या नकलाच होत राहिल्या. त्यातून मुरानोला बाहेर काढले ते पुष्कळसे बाहेरच्या नजरेने. १९२१ साली कापेल्लीन आणि वेनिनी यांनी नवी काचशाळा काढली आणि वित्तोरिओ झेक्किन या चित्रकाराला तिचा कलादिग्दर्शक केले. झेक्किन स्वतः मुरानोचा, काचवाल्यांच्याच घरातला. त्याने काय केले? व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयात वेरोनेसेने सोळाव्या शतकात रंगवलेले एक चित्र आहे, देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो आहे असे. त्या चित्रात काचेची एक फुलदाणी आहे, पातळ, पारदर्शक. झेक्किनने ती चित्रातून उचलली आणि भट्टीत पाठवली. ती 'वेरोनेसे' फुलदाणी आजही त्या काचशाळेची ओळख मानली जाते. म्हणजे मुरानोच्या काचवाल्याने केलेली फुलदाणी पाहून चित्रकाराने रंगवली असणार, आणि सुमारे साडेतीनशे वर्षांनी चित्र पाहून काचवाल्याने ती पुन्हा केली. मी आकादेमियात जाऊन ते चित्र मुद्दाम पाहिले. देवदूताकडे फारसे पाहिले नाही, माफ करा.

पुढे १९३२ पासून १९४७ पर्यंत कार्लो स्कार्पा हा वास्तुविशारद त्याच काचशाळेत होता. तो भट्टीजवळ उभा राहून काम करून घेई, आणि त्याच्याबरोबरचा उस्ताद होता आर्तुरो बियासुत्तो, टोपणनाव 'बोबोली'. हे नाव मी मुद्दाम लिहितो आहे. स्कार्पाच्या काचेची मोठमोठी प्रदर्शने भरली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही भरले. 'बोबोली' हे नाव अभ्यासकांना ठाऊक असते, पाहणाऱ्यांना नाही. स्कार्पाची नजर नसती तर त्या वस्तू झाल्या नसत्या हे मला पूर्ण मान्य आहे. बोबोलीचा हात नसता तर त्या कागदावर राहिल्या असत्या, एवढेच मान्य करा म्हणतो.

व्हेनिसचे बिएन्नाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे जगभरच्या कलेचे प्रदर्शन. १८९५ साली सुरू झाले. त्याच्या बागेत १९३२ साली अलंकारिक कलांसाठी स्वतंत्र दालन उघडले आणि मुरानोची काच तिथे हक्काने मांडली जाऊ लागली. १९७२ पर्यंत. मग तो विभाग बंद. कला ही कला आणि काच ही वस्तू, असे बहुधा ठरले. आम्ही गेलो त्या २०१५ च्या बिएन्नालेत भारताचे अधिकृत दालनही नव्हते. एका खासगी प्रतिष्ठानाने मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा यांना एका जुन्या वाड्यात एकत्र आणले होते. ते पाहिले, आवडले. पण त्या तीन दिवसांत मला जाणवले ते वेगळेच. शहरातले अर्धे वाडे चित्रांनी आणि मांडणशिल्पांनी भरलेले, आणि अर्ध्या तासावरच्या बेटावर शेकडो वर्षांची कला प्रवाशांपुढे मिनिटाला एक घोडा काढते आहे.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २००९ पासून आद्रियानो बेरेंगो यांच्या पुढाकाराने 'ग्लासस्ट्रेस' नावाची प्रदर्शने होऊ लागली. जगभरचे समकालीन कलावंत मुरानोत येतात, कल्पना सांगतात, भट्टी ती करते. २०२२ साली आय वेवे या चिनी कलावंताचे काळ्या काचेचे अजस्र झुंबर सान जोर्जोच्या देवळात टांगले गेले. दोन हजारांहून अधिक तुकडे, त्यांत कवट्या, हाडे, वटवाघळे. त्याचे फोटो पाहताना मला आपल्या शांतादुर्गेच्या सभामंडपातली झुंबरे आठवली आणि जरा बावचळलो. तीन वर्षे काम चालले होते म्हणतात. नाव आय वेवे यांचे. तीन वर्षे फुंकणारे कोण, ते बातम्यांत शोधत बसावे लागते.

आणि त्याच काळात, २०२१ च्या शरदापासून, गॅसचे भाव भडकले. मुरानोची भट्टी घरगुती शेगडीसारखी लावता-विझवता येत नाही. ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, ऑगस्टच्या सुट्टीपुरती निवते. बिले कित्येक पटींनी वाढली. अनेकांनी भट्ट्या विझवल्या, काहींनी एखादीच चालू ठेवली. झुंबराची बातमी सगळीकडे छापून आली. भट्ट्या विझल्याची बातमी अर्थकारणाच्या पानावर, इंधनाच्या भावांखाली.

लीनो तालियापिएत्रा या उस्तादाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. जन्म मुरानोचा, १९३४ चा. बाराव्या वर्षाच्या आसपास भट्टीत पोऱ्या म्हणून लागला, एकविसाव्या वर्षी माएस्त्रो झाला. १९७९ साली तो अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या पिलचक काचशाळेत शिकवायला गेला. जी विद्या बाहेर नेली म्हणून पूर्वी माणसे परागंदा व्हायची, ती त्याने अमेरिकनांना खुल्या हाताने दिली. मुरानोत कुरकुर झाली. पण तिथून पुढे तो दुसऱ्याच्या रेखाटनाचा हात राहिला नाही, स्वतःच्या नावाने कलावंत झाला, संग्रहालयांतून त्याची काच त्याच्या नावाने उभी आहे. हा मान मिळवायला त्याला समुद्र ओलांडावा लागला, ही गोष्ट व्हेनिसला फारशी भूषणावह नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, घर आर्किटेक्टच्या नावाने ओळखतात, गवंड्याच्या नव्हे. तुझा त्रागा फुकट आहे. पण गोव्यात तरी हा युक्तिवाद चालू नये. आपल्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचे हँडबिल काढून पाहा. लेखक, दिग्दर्शक, भूमिका, आणि त्याखाली नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, ऑर्गन, तबला. सगळ्यांची नावे, कधी कधी खुर्च्या देणाऱ्याचेही. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत नेपथ्याला बक्षीस असते. त्यामुळे दिग्दर्शकाचा मान कमी झाला असे मी ऐकले नाही. चतुर्थीला कुणाच्या घरी गेलो तर पहिला प्रश्न काय, "गणपती कोणागेलो?" ज्या चित्रशाळेतून मूर्ती आली तिचे नाव घरातल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणजे हाताचे नाव घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. ती फक्त पांढऱ्या भिंतीच्या दालनात शिरताना आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

मी स्वतः दुसऱ्याच्या सहीसाठी टिपणे लिहिणारा माणूस आहे. मजकूर माझा, सही साहेबांची, आणि पगार वेळेवर मिळतो म्हणून तक्रार नाही. पण फाईल काढून पाहिलीत तर टिपणाच्या डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरे सापडतील. चूक झाली तर धरायला का होईना, सरकार कारकुनाचे नाव ठेवते. कलेच्या जगाने निदान सरकारइतके तरी करावे. कार्डावर चौथी ओळ वाढली तर छपाईचा खर्च वाढत नाही: कल्पना अमुक, घडण तमुक. कलावंतांनीच हे मागायला हवे, कारण आयोजकांना त्यांचेच म्हणणे ऐकू जाते. गायतोंड्यांसारखा, स्वतःच रोलर फिरवणारा कलावंत असेल तर प्रश्नच नाही, दोन्ही ओळींत एकच नाव.

मुरानोच्या काच संग्रहालयात पंधराव्या शतकातला एक विवाहचषक आहे. गडद निळा, त्यावर मिन्याच्या रंगांत नवरानवरी रंगवलेली. 'बारोवियर चषक' असे त्याला म्हणतात, घराण्याच्या नावाने. पण रंगकाम नेमके कुणाचे, यावर अजून एकमत नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी कुणी कोपऱ्यात दोन अक्षरे टाकली असती तर पंडितांचे कष्ट वाचले असते.

त्या पणजीच्या प्रदर्शनाच्या आयोजकांना मी पत्र लिहिले आहे. कुंभारांना विचारून लिहिले; ते म्हणाले, "बरय, पूण म्हजेर राग येवंक फावना, फुडली ऑर्डर वचत." म्हणून पत्रात त्यांचे नाव नाही, फक्त मागणी आहे. हो, हे लिहितानाही त्यांचे नाव आले नाही, ते माझ्या लक्षात आहे. पत्र टपालाने न पाठवता हातोहात नेऊन दिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर आले की इथेच कळवीन.